आपण कोणत्या बाजूला होतो?

मैसूरहून हुणसूरकडे निघाले की पंधरा-सोळा किलोमीटरवर येलवाल लागते. कन्नडमध्ये इलवाल. एके काळी इथे इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता. आता गावाच्या चहूबाजूंनी लेआउट पडले आहेत, आणि त्यांतल्याच एकात माझ्या मुलीचे घर आहे. मुलगी-जावई अमेरिकेतून परतले तेव्हा मी नगरचे बिऱ्हाड मोडून त्यांच्याकडे राहायला आले. एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे घरात कुणालाही इतिहासाचे काही अडले की माझ्याकडे बोट दाखवले जाते.

नात आठवीत आहे. तिचे सुरुवातीचे शिक्षण न्यू जर्सीत झाले. मागच्या उन्हाळ्यात कपाट आवरताना तिथली तिची एक फाइल सापडली. तिथे दर फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात, त्यासाठी केलेले तक्ते त्यात होते. हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, रोझा पार्क्स. जहाजाच्या तळात आडवी रचलेली माणसे, तिने पेन्सिलीने काढलेली.

"आजी, इकडे हा महिना कधी असतो?"

"इकडे नसतो."

"मग गुलामांबद्दल कधी शिकवतात?"

मी म्हटले, "आपल्याकडे अमेरिकेसारखी गुलामगिरी नव्हती गं."

ती थोडा वेळ चित्र बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मुळीच नव्हती का? असली तर आपण कोणत्या बाजूला होतो?"

मी कुकर बघायला उठले. वर्गात प्रश्न अडचणीचा असला की मी असाच खडू शोधायला वळत असे. माझे वाक्य खोटे नव्हते, पण प्रामाणिकही नव्हते. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

*

आधी अमेरिकेचे. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून १८६६ पर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना अटलांटिक पार नेण्यासाठी जहाजांवर चढवले गेले. पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली ती सुमारे एक कोटी सात लाख. उरलेली समुद्रात गेली. यातली बहुतेक माणसे ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांवर गेली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवलेली चार लाखांच्या आत होती. त्यांच्याच लेकीसुनांच्या पोटी पुढच्या पिढ्या गुलाम म्हणून जन्मल्या, कारण आई गुलाम तर मूल गुलाम, असा तिथला कायदा होता.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण पुढची साठ वर्षे शाळेच्या पुस्तकांत ती माणसे जवळजवळ नव्हतीच. असली तर मालकाच्या कृपेवर जगणारी म्हणून. कार्टर वुडसन हे एके काळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेले इतिहासकार. ज्या समाजाचा भूतकाळ कुणी मोजत नाही त्याचा वर्तमानही कुणी मोजत नाही, हे त्यांनी ओळखले. १९२६ मध्ये त्यांनी फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी सुरू केला. लिंकन आणि डग्लस या दोघांचे वाढदिवस त्याच सुमारास साजरे होत, म्हणून फेब्रुवारी. १९७६ मध्ये त्या आठवड्याचा महिना झाला. नातीची फाइल ही त्या आठवड्याची पणती म्हणायला हरकत नाही.

हे सगळे मला ठाऊक होते. प्रश्न आपल्या बाजूचा होता.

*

अरबी भाषेत इथिओपियाकडच्या प्रदेशाला हबश म्हणत. तिथला तो हबशी. 'सय्यिदी' म्हणजे 'माझे धनी', त्यावरून सिद्दी. आपल्या जुन्या कागदांत जंजिऱ्याच्या मुलखाला चक्क 'हबसाण' म्हटले आहे. म्हणजे आफ्रिकेचे नाव आपल्या नकाशावर होते, आणि तेही मुंबईपासून हाकेच्या अंतरावर.

तांबड्या समुद्रातून अरबस्तानात, तिथून पश्चिम किनाऱ्यावर आणि दख्खनच्या दरबारांत माणसे विकत आणण्याचा व्यापार अटलांटिकच्या व्यापारापेक्षा जुना होता. त्याची रीत वेगळी होती. दख्खनी सुलतानांना ऊस तोडायला माणसे नको होती. त्यांना सैनिक, पहारेकरी आणि खोजे हवे होते. ज्याला गावात भाऊबंद नाहीत, जमीन नाही, जातगोत नाही, तो फक्त धन्याशी इमान राखील, असा हिशेब होता.

असाच एक मुलगा इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मला. नाव चापू. तो लहानपणीच विकला गेला आणि हातोहात फिरत बगदादला पोचला. तिथल्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे त्याला अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्याने विकत घेतले. हा पेशवा, चंगीझखान, स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम होता. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. मिळेल त्या दरबारी चाकरी करत त्याने स्वतःची फौज उभारली. १६०० मध्ये अकबराच्या सैन्याने अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा बुडती निजामशाही त्याने पंचवीस वर्षे सावरून धरली. खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला पाणी देणारी नहर बांधली. जमिनीची पाहणी करून धारा बसवला. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवले. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. जहांगीराने आयुष्यभर त्याला रंगावरून शिव्या घातल्या आणि त्याच्या तोडलेल्या मस्तकावर आपण बाण मारतो आहोत असे चित्रही काढून घेतले. प्रत्यक्षात मोगलांच्या हाती ते मस्तक कधी लागले नाही. तो गेल्यावर मोगल दरबारच्याच इतिहासकाराने लिहिले की युद्धात आणि कारभारात याच्या तोडीचा माणूस नव्हता.

मलिक अंबर मी एकतीस वर्षे शिकवला. नगरच्या शाळेत तो आपला माणूस. गनिमी कावा, जमीन महसूल, भातवडी, तीन मुद्दे, पाच गुण. तो विकला गेला होता हे मात्र मी जवळजवळ कधीच सांगितले नाही. परीक्षेत विचारत नसत, हे एक कारण. दुसरे कारण सांगायला मला आजही जड जाते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, खूप सावळा, कुरळ्या केसांचा. मुले त्याला 'हबशी' म्हणत. मी ऐकले होते. शिक्षकखोलीतही त्याचा उल्लेख त्याच नावाने होई आणि हशा होई. मी हसले नाही, पण थांबवलेही नाही. एका दिवशी मलिक अंबरचा धडा चालू असताना 'अंबर हा हबशी सरदार होता' असे वाक्य मी वाचले आणि अख्खा वर्ग मागे वळून त्या मुलाकडे बघून हसला. मी फळ्यावर डस्टर आपटून "शांत बसा" एवढेच म्हटले आणि पुढचे वाक्य वाचले. त्या पोराने मान खाली घातली. पाच मिनिटे पुस्तक मिटून मी एवढेच सांगितले असते की हबशी ही शिवी नाही, तो एका देशाचा माणूस आहे. त्याला दहा-बारा वर्षांचा असताना आईबापांपासून तोडून विकले. आणि तरी ज्या शहराचे पाणी तुमचे नातलग पितात ते त्याने आणले, तर तो मुलगा त्या दिवशी घरी वेगळ्या चालीने गेला असता. ते सांगण्यासाठी मला पाठ्यपुस्तक मंडळाची परवानगी लागत नव्हती.

आणि हेही सांगायला हवे होते की एक अंबर मोठा झाला म्हणून गुलामगिरी सौम्य ठरत नाही. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या इतरांची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत.

*

हबशी बाहेरून आले होते. पण विकली जाणारी सगळी माणसे बाहेरची नव्हती.

मराठीत 'बटीक' हा शब्द आहे. 'बटकीचा' ही शिवी आहे. 'कुणबीण' हा शब्द आज ऐकला तर कुणब्याची बायको एवढेच वाटेल. पण पेशवाईच्या कागदांत कुणबीण म्हणजे गुलाम स्त्री, आणि मोल्सवर्थच्या कोशातही तो अर्थ नोंदलेला आहे. सरकारी कोठीत धान्य निवडणे-कांडणे, पागेतली शेण-लीद काढणे, इमारतीच्या कामावर माती वाहणे, वाड्यात पाणी भरणे, हे सगळे या बायका करत. त्या येत कुठून? काही लढाईत धरलेल्या, काही दुष्काळात आईबापांनीच विकलेल्या, काही तांड्यांबरोबर हिंडणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणलेल्या. आणि काही बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा, आळ सिद्ध झाल्यावर सरकारने शिक्षा म्हणून गुलाम केलेल्या. सरकार त्यांना कामगिरीबद्दल बक्षीस म्हणून सरदार-कारकुनांना देई. वय झाले की पैसे भरून किंवा बदली दुसरी बाई देऊन सुटकेचा अर्ज करता येई. घरात पाणी भरणाऱ्या बाईची जात खालची निघाली तर प्रायश्चित्त घराला घ्यावे लागे. तिच्या विक्रीबद्दल प्रायश्चित्ताची गरज कुणाला वाटली नाही.

हे पुस्तकात वाचले तेव्हा मला माझ्या आजीचे एक बोलणे आठवले. तिच्या माहेरच्या वाड्यात जुन्या लग्नातल्या आंदणाची एक याद होती. तांब्याची घागर, पितळी परात, समया दोन, गाय सवत्स, कुणबीण एक. आजी हे मोठ्या अभिमानाने सांगायची. केवढे मोठे घर होते बघ! मीही ते अभिमानानेच ऐकले. घागर, परात, गाय आणि बाई एकाच यादीत आहेत हे मला पन्नाशी उलटेपर्यंत दिसले नव्हते.

'आपल्याकडे अमेरिकेसारखी नव्हती' या वाक्यात तेवढे खरे आहे. आपल्याकडे गुलामगिरी मुख्यतः रंगावर उभी नव्हती आणि कापसा-उसाच्या मळ्यांवर चालत नव्हती. ती घराघरांत, दरबारांत आणि जातीच्या आधाराने चालत होती. फरक सांगायलाच हवा. पण फरक सांगून विषय मिटवणे ही पळवाट आहे, आणि मी ती वापरली.

कायद्याचा इतिहासही आपल्याला फारसा सांगत नाहीत. ब्रिटनने १८३३ मध्ये साम्राज्यातली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले गेले, ते गुलामांना नव्हे, मालकांना. हिंदुस्थानात १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने एवढेच केले की कोर्ट-कचेऱ्यांनी कुणावरही गुलाम म्हणून कुणाचा हक्क मानायचा नाही. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती १८६० च्या दंडसंहितेत.

*

नातीला मी सांगितले की तुझ्या फाइलीत एक वर्ष घाल, १८७३.

त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुस्तक त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद आपण वाचतो, अर्पणपत्रिका उलटून पुढे जातो. पण ती उलटायची नाही. पुण्यातला एक माळी समाजातला माणूस अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर आठच वर्षांनी म्हणतो की ती लढाई आणि ही लढाई एक आहे. नातीच्या प्रश्नाचे उत्तर देणारा पहिला मराठी माणूस तोच.

त्या यादवी युद्धाशी आपला दुसराही संबंध होता, आणि तो नफ्याचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतला, गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचे वेड माजले आणि युद्ध संपताच कोसळले. त्या तेजीत पुढे आलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. गुलामांचे जग आणि आपले जग एकाच दोऱ्याने बांधलेले होते. तो दोरा सुताचा होता.

त्याच १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या खटपटीमागोमाग झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आफ्रिकेच्या अंतर्भागात डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचा देह हजार मैलांहून अधिक वाट तुडवून किनाऱ्यावर आणला गेला. आणणाऱ्यांत एक जेकब वेनराइट होता. तो नाशिकला शिकलेला.

नाशिकला शरणपूर रोड सगळ्यांना माहीत आहे. शरण आलेल्यांचे पूर म्हणून शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांची गलबते इंग्रजी आरमार पकडत असे आणि सुटलेली मुले मुंबईला उतरवत असे. त्यांतली काही मुले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शरणपूरच्या मिशनमध्ये आली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकली. त्यांना 'नाशिकची पोरे' असेच नाव पडले. वेनराइट त्यांतला. लिव्हिंग्स्टनवर अंत्यसंस्काराची प्रार्थना त्याने वाचली, झाडाच्या खोडावर नाव कोरले, रोजनिशी लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोम्बासाजवळ फ्रेअरटाउन वसले आणि शरणपूरची बरीच माणसे तिकडे परत गेली. आपल्या नाशिकच्या गोदाकाठी वाढलेली मुले आफ्रिकेत लोहार, शिक्षक, धर्मोपदेशक झाली. नाशिकच्या शाळांत हा धडा असायला काय हरकत आहे?

पुढचे दुवे मराठी वाचकाला ओळखीचे आहेत. १९१३ ते १९१६ बाबासाहेब आंबेडकर न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली. डु बॉइस यांनीही आपुलकीने उत्तर दिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत समजावून सांगण्याचे काम जनार्दन वाघमारे यांनी केले. म्हणजे मराठीत हा इतिहास शिकवण्याची परंपरा दीडशे वर्षांची आहे. ती शाळेच्या बाहेरच चालत आली, एवढेच.

*

आता येलवालचे.

आमच्या घरासमोरचा रस्ता हुणसूरवरून कोडगूला जातो. शनिवारी-रविवारी मडिकेरीच्या थंड हवेला निघालेल्या मोटारींची रांग लागते. त्या कोडगूत एकोणिसाव्या शतकात पिढीजात गुलाम होते. काही जमिनीला बांधलेले, जमीन विकली की तिच्याबरोबर जाणारे. काही मालकाच्या खासगी मालकीचे, कुठेही हलवता-विकता येणारे. इंग्रजी गॅझेटिअरांत त्यांचे प्रकार आणि कानडी नावे नोंदलेली आहेत. १८३४ मध्ये कोडगू कंपनीकडे गेले, पुढे कॉफीचे मळे आले आणि मोकळी झालेली बरीच माणसे मळ्यांवर मजूर झाली. खाली वायनाडात वल्लियूरकावूच्या देवीची जत्रा भरते. तिथे जमीनदार पणियर कुटुंबांना पैसे देऊन वर्षभरासाठी बांधून घेत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे चालले. मैसूरच्या खेड्यांत कर्जापायी राबण्याला 'जीत' म्हणतात. वेठबिगार मोडण्याचा कायदा देशात १९७६ मध्ये झाला. मी तेव्हा नोकरीला लागले होते. हा काही पुराणकाळ नव्हे.

याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, अंकोल्याच्या जंगलपट्टीत सिद्दी राहतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून पळून घाट चढले. सोळाव्या शतकात गोव्याच्या मुख्य रस्त्यावर माणसांचा लिलाव होत असे. लिनस्कोटेन या डच प्रवाशाने तो पाहून लिहिला आहे. त्या बाजारातून सुटलेल्यांचे वंशज आज कोंकणी-मराठी-कन्नड मिसळलेली बोली बोलतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांच्या कवंद्या, म्हणजे आपल्या गोधड्या, शिवतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी विधान परिषदेवर नेमले गेले. एवढे असून बसमध्ये, स्टेशनवर त्यांना "कुठल्या देशाचे?" असे विचारणारे आपण आहोत, आणि ते आपल्याला आपल्याच बोलीत उत्तर देतात.

आणि येलवालची स्वतःची एक तारीख आहे. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७. विनोबांची पदयात्रा केरळातून कर्नाटकात आली होती. ग्रामदानाचा विचार करायला इथे परिषद भरली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू, जयप्रकाश नारायण, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबूद्रिपाद असे एरवी एका चटईवर न बसणारे लोक इथे एकत्र आले आणि सर्वांनी ग्रामदानाला पाठिंबा दिला. जमवणारा माणूस कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा, म्हणजे हबसाणच्या शेजारचा.

मी हे गुलामगिरीच्या लेखात का सांगते? कारण गुलाम मोकळा झाला तरी त्याच्या पायाखाली जमीन कुणाची, हा प्रश्न उरतो. १८६५ च्या जानेवारीत जनरल शेर्मन यांनी दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर देण्याचा हुकूम काढला. वर्ष संपायच्या आत नव्या अध्यक्षांनी तो फिरवला आणि जमीन जुन्या मालकांकडे गेली. मोकळी माणसे त्यांचीच कुळे झाली. कोडगूतही तेच, ठाण्याच्या वेठबिगारांचेही तेच. येलवालच्या परिषदेने तो प्रश्न सोडवला असे मी म्हणणार नाही. दानपत्रांवरची किती जमीन प्रत्यक्ष भूमिहीनांच्या हाती गेली हा वेगळा, दुखरा विषय आहे. पण प्रश्न बरोबर जागी ठेवला गेला होता.

दीड वर्षाने, १९५९ च्या मार्चमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग राजस्थानात विनोबांना भेटले. त्याच दौऱ्यात ते त्रिवेंद्रमला गेले होते. तिथे अस्पृश्य समाजातल्या मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली, 'अमेरिकेतले आपलेच एक अस्पृश्य बंधू' अशी. किंग यांना प्रथम धक्का बसला, थोडा रागही आला. मग आपल्या देशातल्या दोन कोटी माणसांचा विचार करून त्यांना वाटले की हे खरेच आहे. १९६५ च्या एका प्रवचनात त्यांनी ही गोष्ट सांगितली. तो मुख्याध्यापक मला फार मोठा वाटतो. एका वाक्यात त्याने मुलांना जगाचा इतिहास शिकवला, आणि पाहुण्यालाही.

*

काही ओळखीचे लोक म्हणतात, कशाला मुलांना हे सगळे? लाज वाटेल, भांडणे होतील. अमेरिकेतही हेच म्हणणारे आहेत. काही राज्यांत या विषयाच्या शिकवण्यावरून मोठे वाद चालू आहेत. माझा अनुभव उलटा आहे. लाज मुलांना वाटत नाही, मोठ्यांना वाटते. नातीला त्या आंदणाच्या यादीची लाज वाटली नाही. तिला प्रश्न पडले. मूल विचारते तेव्हा त्याला अपराधी ठरायचे नसते, त्याला नीट माहिती हवी असते. माहिती दिली नाही तर जागा रिकामी राहत नाही. तिथे 'हबशी' आणि 'बटकीचा' येऊन बसतात.

आणि हा इतिहास फक्त सोसण्याचा नाही. अंबरची नहर आहे, वेनराइटची रोजनिशी आहे, सिद्दी बायकांच्या कवंद्या आहेत. त्याहून जुनी एक गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात आहे. इथे रोज खाल्ली जाणारी नाचणी, आणि आमच्या नगरची ज्वारी-बाजरी, तिन्ही धान्ये हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आपल्याकडे आली. हे सांगितल्यावर नातीने मुद्द्याचा गोळा हातात धरून बराच वेळ पाहिला.

आम्ही दोघींनी मिळून तिच्या फाइलीला पुढची पाने जोडली. टबमन आणि डग्लस जागेवरच आहेत. त्यांच्यानंतर मलिक अंबर, त्याच्या नावाखाली आधी 'चापू'. मग १८४३. मग १८७३ चे एक अख्खे पान. मग शरणपूर, हल्याळ, कोडगू, येलवाल. शेवटी आंदणाची याद. ती मी आठवणीतून लिहून दिली. नातीने विचारले, "त्या कुणबिणीचे नाव काय होते?" मी म्हटले, यादीत नव्हते, घागरीलाही नाव नव्हते. तिने यादीतल्या त्या ओळीपुढे नाव लिहिण्यापुरती जागा सोडली आहे.

"आणि बाजू?" तिने विचारले.

मी सांगितले, दोन्हीकडे होतो. फुले एका बाजूला होते, आपला वाडा दुसऱ्या बाजूला. आणि त्या मुलाच्या वर्गात मी कुठे होते, तेही तिला सांगितले.